मदत नव्हे, काम!

"आमचे हे घरात खूप मदत करतात हं," असे एखादी मैत्रीण कौतुकाने सांगायला लागली की आपण सगळ्या तिला लगेच अडवतो. मदत कसली? घर काय तिचे एकटीचे आहे? जेवले दोघे, मग भांडी घासली तर ती मदत कशी? चळवळीत राहून एवढे तरी आपण शिकलो आहोत, की कशाला 'काम' म्हणायचे आणि कशाला 'मदत', यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुरुषाने घरात हात लावला की त्याची मदत होते आणि त्याचे कौतुक होते. पण हाच शब्द कचेरीत बाईच्या कामाला चिकटतो तेव्हा नेमके उलटे घडते. तिथे कौतुक तोंडापुरते असते आणि पगार, पद, हक्क सगळेच त्या शब्दाखाली दडपून जाते. हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. मला स्वतःला ते कळायला तीन वर्षे लागली.

आज मी स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. पण समाजकार्याचे शिक्षण घेण्याआधी, २०११ ते २०१४ या काळात, मी एका विद्यापीठात मानव्यशाखेच्या एका विभागात कॉम्प्युटरच्या हेल्पडेस्कवर होते. हेल्पडेस्क म्हणजे मदतीचे टेबल. नावातच मदत! टेबल जिन्याखालच्या खोलीत होते. विभागातले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, प्रोजेक्टर, इंटरनेटची जोडणी यांपैकी काहीही बिघडले की माणसे माझ्याकडे येत किंवा फोन करीत. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालेली. पण नेमणूक कंत्राटदारामार्फत, अकरा महिन्यांची, आणि कागदावरचे पद 'डेटा एन्ट्री ऑपरेटर', श्रेणी अर्धकुशल. दर अकरा महिन्यांनी एक-दोन दिवसांचा खंड पाडायचा आणि नवा कागद करायचा. त्या खंडाच्या दिवशीही फोन यायचेच. मी जायचेही.

हे अर्धकुशल काम काय होते ते सांगते. नेटवर्कची तार ओढायची तर शिडीवर चढून छताच्या कडेने पट्टी ठोकायची. तारेच्या टोकाला कनेक्टर बसवताना आतल्या आठ बारीक तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला की टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तो अशा बेताने ओढायचा की तुकडा आत राहू नये आणि तापलेल्या रुळाला बोट लागू नये. टोनरची काळी पूड नखांत बसली की भाकरी करतानाही दिसायची. व्हायरसने फोल्डर लपवलेला पेनड्राइव्ह घेऊन एखादी पीएच.डी.ची मुलगी रडत यायची. तिला आधी पाणी द्यायचे, मग फाईल शोधायची. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तर माझ्या दारात रांग असायची.

एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि नवा आला. नव्यावर त्यांनी आपल्या ग्रंथाची फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! बारा वर्षांचे संशोधन. सर खुर्चीत मटकन बसले. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी, आय.एस.एम. असे निरनिराळे सॉफ्टवेअर होते आणि प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. फाईलमध्ये साठवलेले असत ते भलतेच संकेत. फॉन्ट त्यांवर मराठी अक्षराचे चित्र चढवायचा. तो फॉन्ट नसला की मराठी नाहीशी. मी जुन्या डिस्कवरून फॉन्ट मिळवला आणि मजकूर डोळ्यांना दिसायला लागला. पण प्रकाशकाला युनिकोडमध्ये हवा होता. रूपांतर केले की ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाई, रफार शेजारच्या अक्षरावर बसे, जोडाक्षरे फुटत. ते दुरुस्त करायला कॉम्प्युटर कळावा लागतो आणि मराठीही यावी लागते. मी पाच आठवडे, रोज कचेरी सुटल्यावर, ते चारशे पानी हस्तलिखित ओळीओळीने तपासले.

पुस्तक निघाले. प्रकाशनाला सरांनी आभार मानले, "आमच्या विभागातल्या एका मुलीने खूप मदत केली." मला खरोखर आनंद झाला, खोटे कशाला सांगू? त्याच आठवड्यात सर्व्हर बघायला कंपनीचा माणूस आला होता. तो माझ्यापेक्षा वयाने लहान आणि डिप्लोमा झालेला. त्याला विभागप्रमुखांच्या खोलीत खुर्ची मिळाली, चहा मिळाला, 'इंजिनियरसाहेब' ही पदवी मिळाली. चहा सांगायला मलाच पाठवले होते!

सगळे मला 'ताई' म्हणायचे, काही जण 'अगं' म्हणायचे. वाईट कोणीच नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. आपल्या लेखांतून नेहमी दुष्ट साहेब भेटतो. माझे साहेब दुष्ट नव्हते. पगारवाढ मागायला गेले तेव्हा विभागप्रमुख प्रेमाने म्हणाले, "अगं, तू तर घरच्यासारखी आहेस. सगळ्यांना किती मदत करतेस!" घरच्यासारखी! घरच्या बाईला पगार असतो का? मुख्य संगणक केंद्रातल्या कायम तंत्रज्ञाला माझ्या तिपटीहून जास्त पगार होता आणि तो आमच्या विभागात वर्षातून दोनदा यायचा. तो यायचा ते कामाला. मी रोज करायचे ती मदत.

घरकामाशी या कामाचे नाते फार जवळचे आहे. दोन्हींचा एक गुण असा की ते नीट केले तर दिसतच नाही. आज सगळे प्रिंटर चालू आहेत, याची बातमी होत नाही. वरण बिघडले तरच वरण कोणी केले ते आठवते. आणि दुसरा गुण असा की त्यात निम्मे काम माणसांना सांभाळण्याचे असते. ज्येष्ठ प्राध्यापकाला साधी फाईल जोडता येत नाही, हे त्याला न लागता सांगायचे. "सर, हा प्रोग्रामच विचित्र आहे," असे म्हणून दोष यंत्रावर ढकलायचा आणि त्यांची लाज राखायची. ओरडणाऱ्या हेडक्लार्कपुढे हसतमुख राहायचे. आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली अशा श्रमांना 'भावनिक श्रम' हे नाव दिले. पगारासाठी आपल्या भावना आवरणे आणि समोरच्याच्या सांभाळणे, हेही श्रमच आहेत, असे त्यांनी मांडले. एम.एस.डब्ल्यू.ला ते पुस्तक वाचताना मला जिन्याखालची खोली आठवत होती. हवाईसुंदरीला निदान त्या हसण्याचे शिक्षण तरी देतात. आम्हाला ते आईने फुकटात दिलेले असते, म्हणून ते कौशल्य म्हणून मोजत नाहीत. बाईचा स्वभाव म्हणून गृहीत धरतात.

कोणी म्हणेल, कॉम्प्युटर हे मुळात पुरुषांचे क्षेत्र, तिथे बाई उशिरा आली, म्हणून असे होते, हळूहळू सुधारेल. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअॅक हा अजस्र इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र तयार झाला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगाला दाखवला गेला. त्यासाठी प्रोग्राम मांडणाऱ्या सहा जणी होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्र कसे चालते ते त्यांनी आराखडे वाचून स्वतः शिकून घेतले होते. प्रात्यक्षिकाच्या रात्री मोठी मेजवानी झाली. तिचे आमंत्रण या सहा जणींना नव्हते. अशा गणितज्ञ बायकांची सरकारी कागदावरची श्रेणी होती 'उपव्यावसायिक'. विद्यापीठ सातासमुद्रापलीकडचे, साल १९४६. आणि माझ्या कागदावर 'अर्धकुशल', साल २०११. म्हणजे बाई उशिरा आली हे खरे नाही. बाई पहिल्यापासून होती. तिचे नाव लिहायचे तेवढे राहून गेले!

हे सगळे आज लिहायचे कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत आमच्या केंद्रात आलेली एक तरुण मुलगी. तीही एका विद्यापीठाच्या विभागात हेल्पडेस्कवर, कंत्राटदारामार्फत, चार वर्षे. ती आली तेव्हा सहावा महिना चालू होता. करार संपत आला होता आणि कंत्राटदाराचा माणूस तिला म्हणाला होता, "आता बाळंतपण उरकून घ्या, पुढचं पुढं बघू." तक्रार लिहून घेताना मी विचारले, "म्हणजे तुला काढून टाकलं?" ती म्हणाली, "नाही हो ताई. मला कुणी काढलेलं नाही. फक्त पुढं घेतलेलं नाही."

हे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. कंत्राटी पद्धतीचे इतके नेमके वर्णन मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

बोलताना तिचा फोन तीनदा वाजला. विभागातूनच होता. प्रिंटर नेटवर्कवर दिसत नव्हता. एकीकडे डोळे पुसत ती त्यांना कुठली वायर काढून कुठे लावायची ते सांगत होती. मी रागावले तर म्हणाली, "सर चांगले आहेत हो. लॉकडाऊनच्या वेळी मी नवीनच होते, तेव्हा त्यांनी सांभाळून घेतलं." २०२० साली वर्ग एकाएकी ऑनलाइन झाले. तेव्हा आधीच्या मुलाने नोकरी सोडली आणि हिला घेतले. सगळ्या प्राध्यापकांना मोबाइलवर शिकवायला हिने शिकवले, तेही घरून, स्वतःच्या फोनवरून आणि स्वतःच्या खर्चाने. तिचा नंबर विभागाच्या दारावर चिकटवलेला आहे. रात्री दहालाही कोणी विद्यार्थी किंवा प्राध्यापक 'हाय' असा मेसेज टाकतो आणि त्यापुढे कामाचे येईल की आणखी काही, ते बघेपर्यंत तिच्या पोटात गोळा येतो.

कायदा तिच्या बाजूने आहे, आणि हे आपल्या प्रत्येकीला माहीत असले पाहिजे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर मातृत्व लाभाचा हक्क मिळतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ही भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. १९६१ च्या कायद्यातल्या या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. नोकरी कायम असली पाहिजे, अशी अट कुठेच नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या रोजंदारी बायकांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले. आणि करार संपला म्हणून लाभही संपतो, हा कंत्राटदारांचा लाडका युक्तिवाद. तोही दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या खटल्यात ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने फेटाळला. कराराची मुदत उलटली तरी पूर्ण मुदतीचा लाभ द्यावा लागेल, असा तो निकाल आहे. पगारातून राज्य कामगार विम्याची कपात होत असेल, तर लाभ विमा महामंडळाकडून मिळतो. म्हणून पगाराची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

मग अडले कुठे? अडले पुराव्यावर. हिने चार वर्षे काय काम केले, हे कुठल्याच कागदावर नव्हते. नेमणूक 'डेटा एन्ट्री'ची, आणि त्यांचे म्हणणे असे की आता डेटा एन्ट्रीचे काम उरले नाही, पदाची गरजच संपली. रोज फोन करणारा विभाग तिची गरज संपली असे कागदावर कसे लिहू शकतो? लिहू शकतो, कारण ती करते ती मदत. मदतीची हजेरी कोणी लावत नाही.

माझ्याकडे मात्र एक वही होती. दुसऱ्या वर्षी चिडून मी दोनशे पानी वही घातली आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवू लागले: तारीख, खोली, कोणाचा काय बिघाड, किती वेळ. एका सोमवारी सतरा नोंदी होत्या. ती वही विभागप्रमुखांपुढे ठेवली तेव्हा ते खरोखर चकित झाले. त्यांना कल्पनाच नव्हती. पगार लगेच वाढला नाही. पण पुढच्या करारात पद 'तंत्र सहायक' झाले आणि श्रेणी कुशल. लढाई म्हणण्याइतके ते मोठे नव्हते, पण एका शब्दाची किंमत मला त्या दिवशी पहिल्यांदा रुपयांत दिसली.

त्या वहीबद्दल एक कबुलीही द्यायला हवी. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या, दुसऱ्या कंत्राटदाराच्या. मी शिडीवर चढले की शिडी त्या धरायच्या. कपाटामागून तार ओढताना पलीकडच्या टोकाला त्या असायच्या. सर्व्हरच्या खोलीतले एसीचे पाणी गळतेय, हे सुट्टीनंतर सगळ्यांत आधी त्यांनी पाहिले आणि मला बोलावून आणले. नाहीतर विभागाचा सगळा डेटा गेला असता. परवा माळ्यावरून ती वही काढून या लेखासाठी चाळली. मावशींचा उल्लेख एकाही पानावर नाही. म्हणजे जे माझ्या बाबतीत सरांनी केले, तेच मी मावशींच्या बाबतीत केले. 'मावशी मदत करतात,' असे मीही म्हणतच होते की!

म्हणून हा प्रश्न फक्त शिकलेल्या मुलींच्या पदनामाचा नाही. अंगणवाडीच्या मदतनीस, दवाखान्यातल्या आया, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका, घरकामगार, सगळ्यांचे श्रम याच शब्दात गुंडाळलेले आहेत. 'मानधन' आणि 'मदतनीस' ही जुळी भावंडे आहेत.

काही मैत्रिणी म्हणतात, मदत करण्याची वृत्ती ही बाईची ताकद आहे, तिचाही हिशेब मांडायचा का? माझे म्हणणे असे की रडणाऱ्या मुलीला पाणी देणे मी कधीच थांबवणार नव्हते, आणि कोणी थांबवूही नये. पण ज्या मायेवर एक सबंध विभाग चालतो, ती माया चालवणाऱ्या बाईच्या सातव्या महिन्यात अकस्मात 'गरज संपलेले पद' होते, तेव्हा हिशेब आपण मांडला नाही तर कोण मांडणार? कंत्राटावरची मुलेही भरडली जातात, हे खरेच आहे. पण मुलगा वर्षभर टिकला की त्याला 'सर' म्हणायला लागतात. मुलगी दहा वर्षे राहिली तरी 'ताई'च राहते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. करारावर जे काम प्रत्यक्ष करून घेता त्याच कामाचे नाव लिहा. प्रत्येक तक्रारीची नोंद होऊ द्या. दारावर तिचा खाजगी नंबर नको, कचेरीचा फोन लावा आणि त्याच्या वेळा ठरवा. कंत्राटदाराशी करार करताना मातृत्व लाभाचे कलम घाला. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. तेव्हा 'ती आमची नोकर नाही' असे म्हणून विद्यापीठाला हात झटकता येणार नाहीत. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कर्मचारी या शब्दात ठेकेदारामार्फत आलेल्या बायकाही येतात. म्हणून तक्रार समितीची माहिती त्यांनाही द्या. रात्री दहाच्या 'हाय'ची तक्रार कुठे करायची ते त्यांनाही कळू द्या.

त्या मुलीचा अर्ज आम्ही विभागप्रमुख, कुलसचिव आणि कंत्राटदार अशा तिघांनाही दिला आहे. पुरावा म्हणून तिच्या मोबाइलमधले चार वर्षांचे मेसेज छापून जोडले. 'प्रिंटर बघ ना', 'लिंक पाठव ना', 'पटकन ये ना', असे पानेच्या पाने भरले. मदत म्हणून मागितलेले सगळे तारीखवार काम होऊन समोर आले. उत्तर अजून आलेले नाही. गेल्या आठवड्यात ती केंद्रात बसलेली असताना पुन्हा विभागाचा फोन आला. तिने माझ्याकडे पाहिले, घसा साफ केला आणि म्हणाली, "सर, माझा करार संपलाय. काम असेल तर लेखी कळवा." फोन ठेवला तेव्हा तिचे हात थरथरत होते. "वाईट वाटलं असेल का हो त्यांना?" तिने विचारले.

वाटू दे, थोडे वाटू दे. मैत्रिणींनो, तुमच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात अशी 'मदत' कोण कोण करते ते जरा आठवून पाहा. तिच्या कागदावर काय लिहिले आहे ते तिला विचारा. आणि आजपासूनच एक वही घाला. तुमच्यासाठी घाला, आणि तुमची शिडी धरणाऱ्या बाईचे नावही तिच्यात लिहा.